प्रार्थनेतला पाऊस आणि दारातला पाऊस

अश्दोदची आजी

काल आमच्याकडे इस्रायलमधल्या अश्दोदला शेमिनी अत्सेरेत झाला. सुक्कोतच्या मांडवाचे सात दिवस संपले की येणारा हा आठवा दिवस. इस्रायलमध्ये सिम्खात तोराही, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा सण, त्याच दिवशी असतो, त्यामुळे सिनेगॉगात (आमच्या प्रार्थनामंदिरात) पोरांचा नुसता धिंगाणा. पण मी दरवर्षी वाट बघते ती त्या सकाळच्या एका ओळीची. हझान (प्रार्थना म्हणवणारा) उभा राहतो आणि उन्हाळाभर न म्हटलेले शब्द पुन्हा म्हणतो, ‘मश्शिव हारुआख उमोरिद हागेशेम’. वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले यहुदी, त्यामुळे आमच्या सिनेगॉगात बायकांच्या बाजूला निम्मं बोलणं मराठीतच चालतं. शेजारच्या बाई पदर सावरत म्हणाल्या, “चला, लागला बाई पावसाळा.” बाहेर आभाळ निळंभोर होतं, तरीही मला भरून आलं.

का ते सांगायचं तर अलिबाग तालुक्यात जावं लागेल. माझं माहेर तिथलं. पणजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आमच्या लोकांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. मुखात उरली ती फक्त ‘शेमा’ची प्रार्थना. पुढे हिब्रू पोथ्या, सिनेगॉग, प्रार्थनेचे पूर्ण पाठ पुन्हा आले, आणि त्यांच्याबरोबर पावसाचे शब्दही आले.

आता गंमत बघा. शेमिनी अत्सेरेत येतो आश्विनात. तेव्हा कोकणात भात पिवळं होऊन वाकलेलं असतं, आज-उद्या विळा लागणार असतो. अशा वेळी पाऊस म्हणजे शेतात आडवं झालेलं भात आणि कोंब फुटलेल्या लोंब्या. आणि नेमकं त्या दिवशी आजोबा सिनेगॉगात उभे राहून पाऊस पाडणाऱ्याचा महिमा गायचे. डिसेंबरात तर महिम्यावर भागायचं नाही, ‘पाऊस दे’ म्हणून रोज मागणं सुरू व्हायचं. डिसेंबरात! वाल पेरलेले, आंब्याला मोहोर यायची वेळ. उलट आषाढात पागोळ्यांच्या धारा लागलेल्या, अंगणात गुडघाभर पाणी, आणि आजोबा म्हणायचे ‘मोरिद हाताल’, दव पाडणारा.

आठ-नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं, “आजोबा, आत्ता पाऊस आला तर मोहोर गळेल ना?” आजोबा पोथी मिटून म्हणाले, “हा पाऊस आपल्यासाठी नाही गो मागत. तिकडच्यासाठी मागतो.” तिकडे म्हणजे कुठे, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. नकाशासुद्धा पाहिला असेल की नाही, मला शंका आहे. पण तिकडची पेरणी कधी, तिकडे दव कधी पडतं, तिकडची झाडं कधी जागी होतात, हे त्यांच्या रोजच्या तोंडात होतं. घरच्या शेतावर आपला चार महिन्यांचा पावसाळा आणि ओठांवर दुसऱ्याच मुलखाचा. दोन हजार वर्षं जगभरचे यहुदी असेच जगले. पोलंडात बर्फ पडत असताना, येमेनच्या डोंगरात, कोचीनमध्ये, सगळीकडे त्या एका चिमुकल्या देशाचं पंचांग.

मी १९७१ साली इथे आले, लग्न होऊन सहा महिने झाले होते. अश्दोद तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचं गाव, १९५६ मध्ये वाळूच्या टेकड्यांवर वसवलेलं. पहिला उन्हाळा मला फार जड गेला. मे गेला, जून गेला, जुलै गेला, एक थेंब नाही. आभाळाकडे बघून बघून मान दुखायची. अलिबागला एकट्या जुलैत पडतो तेवढा पाऊस इथे अख्ख्या वर्षात पडत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग उन्हाळा सरता सरता उजाड मातीतून पानाशिवाय एक उंच दांडा वर आला आणि त्यावर पांढरी फुलं उमलत गेली. तो हात्साव. शेजारची मोरोक्कोची बाई म्हणाली, हा फुलला म्हणजे पावसाची चाहूल. थोड्या दिवसांनी अंगणात शेपटी वरखाली हलवत एक छोटा पक्षी उतरला. इथे त्याला नाख्लिएली म्हणतात, आणि तोही पावसाचा निरोप्या. मी त्याला बघितलं आणि ओरडलेच, “अगं, हा तर आपला परीट!” आमच्या माहेरच्या खळ्यातही तो थंडीच्या तोंडावर यायचा, तस्साच तुरूतुरू चालत.

त्या वर्षी सिनेगॉगात पावसाचे शब्द म्हटले. काही दिवसांनी रात्री पत्र्यावर टपटप झाली. मी धावत बाहेर आले. पहिल्या पावसाला हिब्रूत योरे म्हणतात, शेवटच्याला मल्कोश. शेमाच्या दुसऱ्या परिच्छेदात हे दोन्ही शब्द आहेत, लहानपणापासून पाठ होते, अर्थ माहीत होता, पण अंगावर कधी पडले नव्हते. ओल्या वाळूचा वास आपल्या मातीच्या वासासारखा नव्हता, जरा खारट होता. मी तिथेच उभी राहून रडले. आजोबांनी मागितलेला पाऊस नातीच्या अंगावर पडत होता.

सकाळी उठून मी मलिदा केला. इथल्या बाकीच्या यहुद्यांना हे ठाऊक नाही, हे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचंच. नवस फेडायचा, घर घेतलं, परदेशातून कुणी सुखरूप आलं, बाळ झालं, की एलियाहू हानाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने मलिदा. पोहे धुऊन मऊ करायचे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, जायफळ, सुकामेवा. ताटात मधोमध डोंगर करायचा आणि भोवती फळं मांडायची. त्या दिवशी पोहे मी मुंबईहून आणलेले होते, विळीही आईने दिलेली. नारळ मिळाला नाही म्हणून सुकं खोबरं घातलं. पण ताटातलं डाळिंब, द्राक्षं, अंजीर, खजूर इथलंच होतं. तोरात या भूमीची जी सात पिकं सांगितली आहेत, त्यांतली चार माझ्या ताटात होती. मी शेहेहेयानूची ब्राखा (आभाराची छोटी प्रार्थना) म्हटली. आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणलंस, एवढाच तिचा अर्थ.

हा धागा काढला तो याचसाठी. कुणाशी वाद घालायला नाही, आभार मानायला. आणि ते मला मराठीतच मानता येतात.

थळची सून

आजी, मी अलिबागजवळ थळला राहते. आमच्याकडे कापणीला कालच सुरुवात झाली आणि दुपारी ढग आले तर सासूबाई हात जोडून “आता नको रे बाबा” म्हणत होत्या. तुमचे आजोबा त्याच वेळी तिकडच्यासाठी मागत असतील, हे वाचून काटा आला. आमच्याकडे अजून ‘इस्रायल आळी’ म्हणतात, आणि तिथलं सिनेगॉग मी बाहेरून रोज बघते. आळीत आता घरं मोजकीच राहिली आहेत.

तोरावाचक

ताई, लेख फार आवडला. एक छोटी पुस्ती जोडतो. पावसाचा महिमा आणि पावसाची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी. महिमा शेमिनी अत्सेरेतपासून सगळीकडे एकदमच सुरू होतो. मागणीची तारीख मात्र दोन ठिकाणी दोन. इस्रायलमध्ये ती यहुदी पंचांगातल्या खेश्वान महिन्याच्या सातव्या दिवशी सुरू होते. इस्रायलबाहेर ४ डिसेंबरच्या रात्रीपासून, आणि ती मुळात बाबेलच्या (आजच्या इराकच्या) गरजेवरून ठरलेली. म्हणजे तुमच्या आजोबांचं डिसेंबरातलं मागणं बाबेलच्या पंचांगाने चाललं होतं.

पण इथली सात खेश्वान ही तारीख कशी ठरली ते मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या ‘तानीत’ या भागात आहे, आणि मला ते अतिशय आवडतं. सण संपल्यावर पंधरा दिवस थांबायचं. का? जेरुसलेमला यात्रेला आलेला शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत पोचू दे, वाटेत भिजायला नको. शेतकऱ्याला पाऊस हवाच आहे, तरी पायी चालणाऱ्यासाठी अख्ख्या देशाने दोन आठवडे तोंड आवरायचं.

अश्दोदची आजी

@तोरावाचक, बरोबर आहे तुमचं, डिसेंबरचं मी गोळाबेरीज करून लिहिलं. आजोबांच्या मनात मात्र सगळं ‘तिकडचं’ एकच होतं. बाबेल वेगळं, जेरुसलेम वेगळं, असं त्यांनी कधी केलं नाही.

आणि त्या शेवटच्या यात्रेकरूचं वाचून मला वारी आठवली. कार्तिकी करून माणसं घरी पोचेपर्यंत अवकाळी नको, असं आमच्या गल्लीतल्या वारकरी काकू म्हणायच्या. जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतर यात्रेकरूच राहिले नाहीत, तरी ते पंधरा दिवस मोजणं कुणी सोडलं नाही. आता सुक्कोतला जेरुसलेममध्ये खरोखर गर्दी असते. परवा माझी नात कोतेलला (पश्चिमी भिंतीला) जाऊन आली. बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती म्हणून तक्रार करत होती. मी म्हटलं, तुझ्या खापरपणजीने ही तक्रार करायला काय दिलं नसतं!

भाषावेडा

मी भाषेच्या बाजूने बघणारा माणूस. प्रार्थनेत जिवंत आणि बाजारात मुकी अशी भाषा पुन्हा आईच्या कुशीत नेणं, याला जगात तोड नाही. एलिएझर बेन येहुदा १८८१ साली जेरुसलेमला पोचला आणि घरात हिब्रूशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही असं ठरवून बसला. पुढच्या वर्षी मुलगा झाला. नव्या काळातलं, हिब्रू हीच मातृभाषा असलेलं ते पहिलं मूल. शब्दकोशासाठी ‘मिलोन’ हा शब्दसुद्धा त्यालाच घडवावा लागला. आपल्याकडे सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द दिले ते आपण सहज वापरतो, पण भोवती मराठी बोलणारा समाज उभा होता. बेन येहुदाला तोही उभा करायचा होता.

मराठीचाही यात एक धागा आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, ते मुख्यतः बेने इस्रायलींसाठी. आणि १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली. वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या बायका त्यातल्या चित्रात लुगड्यात आहेत.

आजी, तुमच्या घरी आता कोणती भाषा?

अश्दोदची आजी

@भाषावेडा, मिसळ. मी मुलांशी मराठी, मुलं आपसात हिब्रू, नातवंडं “आज्जी, मायीम दे” म्हणतात. मायीम म्हणजे पाणी. ‘आज्जी’ आणि ‘दे’ तेवढे माझे. मला त्याचंही सुख आहे. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या तोंडची भाषा माझा नातू फ्रिजसमोर उभा राहून वापरतो, यात मी वाईट काय मानू?

ती पुण्याची हगादा मी एकदा छापील चित्रात बघितली आहे. आमच्या आईने अगदी तसंच बसून भाकरी लाटल्या आहेत.

नेगेव्हकर

मी दिमोनाचा, बेने इस्रायलच. काकू, तुमचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली आहे, ती लिहितो. आपल्या लोकांना इथे सुरुवातीला फुलं वाहिली गेली नाहीत. १९५१ मध्ये काही जण तेल अवीवमध्ये धरणं धरून बसले होते, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि ते परतलेही. (त्यांतले बरेच पुढे पुन्हा आले.) मग १९६२ पासून लग्नाचा प्रश्न. बेने इस्रायली मुला-मुलीचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावायचं तर आधी आई-आजीकडची वंशावळ तपासा, असा इथल्या धर्मगुरूंचा फतवा. ज्यांनी पोथ्या बुडाल्यावरही शनिवार सोडला नाही, त्यांनी पुरावा द्यायचा! आमचे वडील १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरण्यात होते. उन्हात बसून खांद्याची साल निघाली होती असं सांगायचे. ऑगस्टमध्ये क्नेसेटने (इथल्या संसदेने) ठराव केला की बेने इस्रायली हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि तो नियम मागे घ्यावा लागला.

ज्या दिवशी ते जिंकले त्या दिवशी घरी काय केलं असेल? मलिदा. आई सांगते, दिमोनाच्या त्या तीन खोल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

अश्दोदची आजी

@नेगेव्हकर, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस, मीच लिहायला हवं होतं. मी आले तेव्हा ती लढाई आटपली होती, माझ्या मुलांच्या लग्नात मला कुणी काही विचारलं नाही, ते तुझ्या वडिलांसारख्यांमुळे. त्यांचे आभार आधी मानायला हवेत. ते देशाशी भांडले कारण देश त्यांचा होता. पाहुणा भांडत नाही, पाहुणा निघून जातो.

प्रश्नांकित

लेखन हृदयस्पर्शी आहे, तरी एक प्रश्न मनात राहतो आणि तो न विचारणं मला अप्रामाणिक वाटेल. त्या जमिनीवर दुसरी माणसंही पिढ्यानपिढ्या पाऊस मागत होती. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. गाझात आत्ता काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या कृतज्ञतेत त्यांना कुठे जागा आहे का?

अश्दोदची आजी

@प्रश्नांकित, विचारलंत ते योग्यच केलंत. मला जे ठाऊक आहे तेवढं सांगते.

७ ऑक्टोबर २०२३ ला हाच सण होता, शनिवार. सकाळी साडेसहाला हमासच्या हल्ल्याचे भोंगे सुरू झाले. आम्ही जिन्यात जाऊन बसलो, मी गाऊनवर शाल गुंडाळलेली. सणाला आम्ही फोन लावत नाही, त्यामुळे काय चाललंय ते तुकड्यातुकड्यांनी, दारादारांतून कळत होतं. सिनेगॉगात जाणं झालं नाही. पावसाचे शब्द माझ्या नवऱ्याने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून म्हटले, मधे एकदा भोंगा झाला म्हणून थांबून पुन्हा म्हटले. आमच्या ओळखीच्या घरांतली मुलं त्या दिवशी आणि त्यानंतर गेली. दोन वर्षं मी मलिदा केला तो फक्त गाझात नेलेले ओलीस परत यावेत म्हणून बोललेल्या नवसाचा.

आणि गाझाही इथून लांब नाही. स्फोटाने आमची तावदानं थरथरायची तेव्हा तिकडेही कुणी आजी नातवंडांना जवळ घेऊन बसली असेल, हे मला कळत होतं. तिच्यावरून माझी नजर हटवायला मला कुणी सांगू नये. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या देणारा फार्मासिस्ट अरब आहे. पहिला पाऊस पडला की तोच मला आधी म्हणतो, “बाई, यंदा लवकर आला.” पावसाला तो अरबीत मतर म्हणतो आणि आमच्या प्रार्थनेतही मागणीचा शब्द मातार असाच आहे. मी आभार मानते ते माझे लोक घरी आले म्हणून. त्याचं घर जावं म्हणून मी कधीच काही मागितलेलं नाही. दोन्ही कसं व्हावं हे माझ्यासारख्या बाईला सांगता येणार नाही, पण ते व्हायला हवं असं मी मनापासून धरून आहे.

प्रश्नांकित

धन्यवाद आजी. यापुढे मी विचारण्यासारखं काही नाही.

द्राक्षबागाईतदार

मी निफाडचा. इस्रायलला शेती बघायला गेलो होतो, बरीच वर्षं झाली. आपल्याकडे इस्रायल म्हटलं की ठिबक. नेगेव्हच्या वाळवंटात हात्सेरिम किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वस्तीत) १९६५ साली त्याचा कारखाना उभा राहिला, आज आमच्या अख्ख्या तालुक्यात नळ्या पसरल्यात. पण हे सगळं मी तंत्र म्हणून बघत होतो. रोज तीन वेळा पावसाचं नाव घेणाऱ्या लोकांनी थेंब मोजायला शिकावं, हे आज जुळलं डोक्यात. तिथे एका जेवणात सगळे रेडिओवर कुठल्या तरी तळ्याची पातळी ऐकत होते, ते काय होतं?

अश्दोदची आजी

@द्राक्षबागाईतदार, ते किन्नेरेत, गालीलचं सरोवर! तुमच्याकडे पेपरात ‘जायकवाडी इतके टक्के’ येतं ना, तसं आमच्याकडे हिवाळाभर किन्नेरेत किती सेंटिमीटर वर आलं ते. पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीच्या २०८.८० मीटर खाली. आमचे हे ती आकडेवारी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवतात. आता समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं, तरी त्यांची पेन्सिल सुटलेली नाही.

भाषावेडा

एक राहिलंच. हिब्रूत भारताला ‘होदू’ म्हणतात, आणि ‘आभार माना’ यालाही ‘होदू’. अक्षरं तीच. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत भारत म्हणून येतो, स्तोत्रांत आभार म्हणून.

अश्दोदची आजी

@भाषावेडा, अहो, इथल्या स्वातंत्र्यदिनाला सिनेगॉगात हालेल (स्तुतीची स्तोत्रं) म्हणतात तेव्हा ‘होदू लादोनाय की तोव’ आलं की आमच्या बाजूच्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघतात. ‘परमेश्वराचे आभार माना, कारण तो चांगला आहे.’ आम्हाला ते दोन्ही अर्थांनी ऐकू येतं. त्या होदूत कुणी आमच्यामागे काठी घेऊन लागलं नाही, शेजाऱ्यांनी आमचा शनिवार सांभाळला. जगात फार थोड्या यहुद्यांना असं म्हणता येतं. म्हणून तर मी निघताना आजीने तुळशीकट्ट्यापाशी राहणाऱ्या शेजारीणकाकूंच्या पाया पडायला लावलं होतं.

थळची सून

आजी, मलिद्याचे पोहे जाड की पातळ? आणि किती भिजवायचे? आळीतल्या एक मावशी करतात, पण विचारायला संकोच वाटतो. तुमच्याकडून शिकून त्यांना नेऊन देईन म्हणते.

अश्दोदची आजी

@थळची सून, अगं संकोच कसला, मावशींना किती आनंद होईल! जाड पोहे घे. भिजवायचे नाहीत, चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे, बोटाने दाबले की मऊ लागले पाहिजेत, पण लगदा नको. अर्धा किलोला एक मोठा नारळ, साखर अंदाजाने. साखर आधी खोबऱ्यात चोळून ठेव आणि मग पोह्यांत घाल, म्हणजे पाणी सुटत नाही. फळं न कापता नेलीस तरी चालेल, ब्राखा म्हणून झाल्यावर त्या कापतील. आणि तिथे बसूनच खा, पुडीत बांधून घरी आणू नकोस.

अश्दोदची आजी

सगळ्यांना कळवायचं म्हणून लिहिते. आज पहाटे पावणेपाचला योरे आला. सात-आठ मिनिटंच, पण चांगला टपोरा. ह्यांनी गॅलरीतले वाळत घातलेले कपडे काढायला घेतले होते, मी म्हटलं, राहू द्या, भिजू दे.